पाव्हणीचं कार्ड

हे माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेलं नाही. आमच्या ह्यांच्यासमोरही नाही — आणि ह्यांना तर वाटतं की माझ्या तोंडात तीळसुद्धा भिजत नाही. भिजतो. चौदा वर्षं झाली, पोटात ठेवून आहे.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. मी कशी बाई आहे, ते इथूनच समजा.

सातवीतून शाळा सुटली माझी. पण वाचायची सवय सुटली नाही. पुडीचा कागद असो, गोळ्यांचं पाकीट असो, मी वाचल्याशिवाय टाकत नाही. ह्याचा पुढे संबंध आहे. मला वाचता येत नव्हतं, मला कळलं नाही, असं मला म्हणता यायचं नाही.

माझं माहेर भंडाऱ्याकडे, धानाच्या मुलखात. लग्न झालं तेव्हा आमचे हे ट्रकवर क्लीनर होते. एका खेपेला शहागडजवळ हायवेवर ह्यांची गाडी बिघडून दोन दिवस उभी राहिली. तेवढ्यात ह्यांनी बघून ठेवलं, की ह्या रस्त्याला गाड्यांची रीघ आहे आणि पंक्चर काढणारा एकच, तोही दुपारी झोपणारा. सहा महिन्यांनी आम्ही बोचकी उचलून आलो. माझ्या कडेवर आठ महिन्यांची पोरगी. भाषा म्हणाल तर मराठीच, पण त्यांचं मला कळायचं नाही आणि मी बोलले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

रस्त्याला लागून ज्यांचं शेत होतं, त्यांच्या बांधावरच्या कडुलिंबाखाली ह्यांनी हवेची टाकी मांडली. विचारलंही नव्हतं. मी झाडाखाली पोरीला घेऊन बसलेली, आता कोण येऊन हाकलतंय ह्याची वाट बघत. आणि त्या घरातून एक बाई तरातरा आली. मी उठून उभी राहिले. वाटलं, आलं हाकलणं.

"ए बाई, लेकराला ऊन लागून राह्यलं, दिसत न्हाई का तुला? आन इकडं."

ती मंदाताई. त्या घरची सून. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी.

तिनंच नवऱ्याला सांगून झाडाखालची जागा आम्हाला दिली. घरामागे गोठ्याला लागून खोली होती, तीही. मी तिला ताई म्हणायला लागले म्हणून तिच्या नवऱ्याला भाऊजी, आणि ती सासूला आत्याबाई म्हणायची म्हणून मीही आत्याबाई. ज्वारीची भाकरी मला तिनं शिकवली. माझी पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा आत्याबाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" मंदाताईनं ती भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. माझं दुसरं बाळंतपण तिनं केलं. पुढं मला टायफॉइड झाला तेव्हा माझी पोरगी वीस दिवस तिच्या पोरीच्या अंथरुणात झोपली, आणि बाळाला तर ती सारखी खांद्यावरच घेऊन फिरायची. स्वतःला दम लागत असताना.

तिला एक सवय होती. कुठलीही गोष्ट संपली की "बराबर" म्हणायची. हिशोब जुळला, बराबर. पोरगं पडून गुडघा फोडून आलं, हळद लावली, बराबर. नवरा रागावून जेवणावरून उठला, ताट झाकून ठेवलं, बराबर. तिनं बराबर म्हटलं की पुढे बोलायचं नाही.

दम लागायचा म्हटलं ना — ते सांगायला पाहिजे. तिच्या छातीतली एक झडप लहानपणच्या कसल्याशा तापानं खराब झाली होती. लग्न झालं तेव्हा तिलाही माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला, पोरीच्या वेळी, निभावलं. पोरगा झाला तेव्हा मात्र तिला जालन्याला नेऊन चार दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी घरच्यांना समोर बसवून सांगितलं, तिसरं बिलकुल नको. ऑपरेशन करून टाकायचं झालं तरी ते गावच्या शिबिरात नको, मोठ्या दवाखान्यात, हृदयाचे डॉक्टर हजर असताना.

आत्याबाईंनी ह्यातलं अर्धंच ऐकलं. ऑपरेशनात धोका आहे, एवढं त्यांनी घट्ट धरलं. तिसऱ्यात धोका आहे, ते सोडून दिलं. त्यांना अजून एक नातू पाहिजे होता. भाऊजी आईपुढे बोलणारे नव्हते. बायकोवर ओरडणारेही नव्हते. अंकुशनगरच्या कारखान्याला ऊस घालायचा, घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. आणि मंदाताई ऑपरेशनाला भ्यायची. भूल दिली आणि उठलेच नाही तर, म्हणायची. पोरगी तेव्हा सात वर्षांची, पोरगा तीनचा.

दर महिन्याला तारीख जवळ आली की तिचा चेहरा उतरायचा. मी बघायची. दोन दिवस वर गेले तरी तिला घास जायचा नाही. मरणच होतं ते, महिन्याच्या महिन्याला.

एक दिवस आम्ही दोघी अंगणात जोंधळे निवडत होतो. दुसऱ्या दिवशी मी माझ्या पोराला सुई टोचायला तालुक्याच्या दवाखान्यात जाणार होते. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"मीना, बायांसाठी कापल्याबिगर कायमचं काही असतं का गं? गोळी न्हाईतर काही? उद्या जाऊन राह्यली तर विचारून ये. माझं नाव नको घेऊ."

मी म्हटलं, विचारते.

तुम्हाला काय सांगू किती आनंद झाला मला! दोन वर्षं मी त्या घरातून नुसतं घेत होते. जागा, खोली, ताक, जुनी लुगडी, औषध. घेणाऱ्याला किती जड होतं, हे ज्यानं घेतलंय त्यालाच माहीत. सगळ्यांशी हसून बोलायचं, सगळ्यांच्या आधी उठायचं. मंदाताईला माझ्याकडून काही पाहिजे आहे, असं पहिल्यांदाच झालं होतं.

दवाखान्यातली सिस्टर वयस्क होती, भली होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण चूक तिची नाही. तिनं पोराला सुई दिली आणि मी विचारल्यावर मला बाजूला बसवून नीट सांगितलं. पहिल्या खेपेला मला कळलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं.

"कापल्याशिवाय कायमचं असं बाईसाठी काही नाही, बाई. कोणी गोळी आत ठेवतो, औषध भरतो, जन्माचं बंद होतं असं सांगितलं ना, तर त्याच्या दारात जायचं नाही. तिला छातीचा त्रास आहे म्हणता? मग तिच्या मालकांना घेऊन या. पुरुषाचं बिनटाक्याचं होतं. चीर नाही, टाका नाही, दहा-पंधरा मिनिटं. त्याच दिवशी घरी. नंतर तीन महिने तेवढं सांभाळायचं, मग तपासणी करायची, झालं. ते नसेल होत तर तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवता येईल, मोठ्या डॉक्टरांना तिचे कागद दाखवून. पण तांबी कायमची नाही हं. दहा वर्षं. दहा वर्षांनी काढून दुसरी बसवायची."

इतकं स्वच्छ. ह्यात न कळण्यासारखं काय होतं?

परत येताना काळीपिवळीत मी खिडकीशी बसले आणि मनात घोकायला लागले. ताई, बाईसाठी कायमचं काही नाही, पण भाऊजींचं होतं. एवढंच वाक्य. तीन-चारदा घोकलं. आणि दर वेळी 'भाऊजींचं' ह्या शब्दावर येऊन माझी जीभ चिकटायची.

का, ते सांगते. आमच्या दुकानापुढे बाकडं होतं. तिथे माणसं गप्पा मारत बसायची. गावातल्या एका मास्तरांनी ते पुरुषाचं करून घेतलं होतं, दोन पोरींवर. ते मास्तर एकदा मोटरसायकलची हवा भरायला आले, तर बाकड्यावरून एकानं आवाज टाकला, "मास्तर, मंग आता कधी जुपायचं तुम्हाला? ढवळ्या बैलाला जोडी पाहून राह्यलोय." सगळे हसले. मास्तर मान खाली घालून हवा भरत राहिले. खोलीच्या दारातून मी बघत होते. आणि हसणाऱ्यांत भाऊजी होते. मोठ्यानं नाही. पण हसले होते.

ते हसू मी धरून ठेवलं. काळीपिवळीत तेच माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. मी ताईला सांगणार, ताई भाऊजींना सांगणार, भाऊजी विचारणार — हे तुला कोणी शिकवलं? पंक्चरवाल्याच्या बायकोनं. मंग? मंग कडुलिंबाखालची टाकी उचला. आत्याबाई तर माझ्या झिंज्या धरून रस्त्यावर आणतील. दोन लेकरं घेऊन मी कुठे जाऊ? भंडाऱ्याला? तिथे तरी काय होतं?

हे सगळं मी मनातच रचलं. कोणी मला एक शब्द बोललेलं नव्हतं.

गोदावरीचा पूल आला तोवर माझं ठरलं होतं, की भाऊजींचं सांगायचं नाही. तांबीचं सांगू. तांबी आणि दहा वर्षं. तेवढं तर खरं होतं. तेवढ्यावर थांबले असते तरी आज मी हे लिहीत नसते.

मंदाताई गोठ्यामागे माझी वाटच बघत होती. माझे हात तिनं धरले. तिचे हात गार पडलेले. म्हणाली, "असतं का गं? कायमचं?"

तिचा चेहरा तुम्ही पाहायला पाहिजे होता. नाही — ही सबब झाली. चेहरा कसाही असो, मला उत्तर माहीत होतं.

मी म्हटलं, "असतं. तांबी. कापायचं नाही, भूल नाही. एकदा बसवली की कायमची."

तिनं माझे हात आपल्या कपाळाला लावले. जिच्या घरचं मी खात होते तिनं. आणि मला — खरं लिहायचं म्हणून लिहिते — मला फार बरं वाटलं. शरम नाही वाटली. वाटलं, फिटलं. टायफॉइडचे वीस दिवस फिटले, भाकरी फिटली.

दहा वर्षांचं नंतर सांगू म्हटलं. दहा वर्षं म्हणजे केवढा काळ! माझं पोरगं तेव्हा रांगतही नव्हतं.

पंधरा दिवसांनी आम्ही बांगड्या भरायला जातो म्हणून तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी तिचे जालन्याचे कागद पाहिले, चालेल म्हणाले. पण त्या दिवशी ती वयस्क सिस्टर रजेवर होती. दुसरी होती, तरुण, बाहेर बायकांची रांग लागलेली. तिनं मंदाताईला टेबलावर घेता घेता विचारलं, "ह्यांना सगळं समजावून सांगितलंय ना?" मंदाताईनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं, "हो, सांगितलंय."

बघा, इथे मला कोणाची भीती होती? भाऊजी तिथे नव्हते, आत्याबाई नव्हत्या. तरी म्हटलं. कारण आता दहा वर्षं निघाली असती तर माझं पंधरा दिवसांपूर्वीचं खोटं उघडं पडलं असतं, आणि कपाळाला लावलेले हात तिनं सोडले असते.

त्या सिस्टरनं एक कार्ड दिलं. पिवळट, तळहाताएवढं. छापलेलं सगळं इंग्रजी. पण खाली निळ्या शाईनं दोन तारखा होत्या. एक त्या दिवसाची. दुसरी, दहा वर्षांनंतरची. आकडे काय, कोणालाही वाचता येतात. म्हणून मंदाताईच्या हातात जायच्या आधी मी ते घेतलं आणि म्हटलं, "माझ्याजवळ ठेवते ताई. तुमच्या घरात आत्याबाईंच्या हाती पडलं तर?" ती म्हणाली, "बराबर."

येताना बांगड्याही भरल्या. हिरव्या.

घरात तांबी हा शब्द काढायची सोय नव्हती, म्हणून आम्ही तिला पाव्हणी म्हणायचो. "पाव्हणी बरी हाय का?" मी विचारायची. "बसलीय निवांत, पाय पसरून," ती म्हणायची, आणि आम्ही दोघी हसून हसून बेजार. एकदा आत्याबाईंनी ऐकलं. "कोन पाव्हणी? कवा आल्ती? मला कशी दिसली न्हाई?" मंदाताईनं ठसका लागल्याचं निमित्त केलं आणि घागर घेऊन पळाली. पाव्हणी हे नाव मीच ठेवलं होतं. पाव्हणी कधी कायमची राहते का? माझ्या मनाला तेव्हाही माहीत होतं वाटतं, म्हणून तेच नाव सुचलं.

ती वर्षं तिची चांगली गेली. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, झालं तसं सांगते. तिच्या अंगावर मूठभर मांस आलं. तारखेची भीती गेली. आत्याबाई नातवाची वाट पाहून पाहून गप्प झाल्या. आणि कार्ड माझ्या पत्र्याच्या पेटीत, लेकरांच्या जन्माच्या दाखल्यांच्या पिशवीत. शाळेत नाव घालायला दाखला काढला की कार्ड हाताला लागायचं. आधार काढायला गेले, तेव्हाही. दर वेळी मी दुसरी तारीख वाचायची आणि म्हणायची, अजून सात वर्षं आहेत. अजून चार. अजून दोन.

मग ते साल आलं. मला तारीख पाठ होती. त्या दिवशी मंदाताईच्या पोरीचा वाढदिवस असल्यासारखी ती तारीख मला आतून आठवली. सकाळी मी तिच्याकडे गेले. ती पापड लाटायला बसली होती. मीही बसले. सांगायचं होतं फक्त एवढंच — ताई, बदलायला लागते, चल जाऊ. कायमची म्हटलं होतं त्याचं काय, असं तिनं विचारलं असतं तर म्हणता आलं असतं, आता नियम बदलला. आणखी एक खोटं बोलूनही तिला वाचवता येत होतं. तेवढंही मी केलं नाही. शंभर पापड लाटले आणि घरी आले.

का नाही केलं? खूप विचार केला. उत्तर एवढंच सापडतं, की न सांगायची मला सवय झाली होती. आणि मला वाटलं, दहा म्हणजे काय, बरोब्बर दहाच? औषधाच्या बाटलीवरची तारीख गेल्यावरही आपण खोकल्याचं औषध पितोच की.

तारखेवर दीड वर्ष गेलं. मंदाताई चाळिशीला टेकली होती. एक महिना पाळी आली नाही, दुसरा महिना आली नाही. ती खुशीत माझ्याकडे आली. "मीना, सुटले गं मी. माझी जायला लागली वाटतं." मी तिच्याकडे बघितलं. आणि म्हटलं, "वय झालं असेल, ताई."

त्या दिवशी जरी बोलले असते! दोन महिने म्हणजे काहीच नव्हतं. गोळ्यांवर सुटली असती.

पुढे तिला दम लागायला लागला. पाय सुजले. गावच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. ती प्यायची, "बराबर" म्हणायची. सोनोग्राफी झाली तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. आत तांबीही दिसली, सरकून एका कडेला बसलेली. भाऊजींना तेव्हा कळलं की तांबी होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीच बसवून घेतल्ती." माझं नाव घेतलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधी बसवली, कार्ड कुठे आहे? मंदाताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हरवलं."

मोठ्या दवाखान्यात नेलं. भरती व्हायच्या आधी आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊजी कागद करायला खिडकीशी. तिला बोलताना धाप लागत होती. तरी तिनं विचारलं, एकदाच —

"कायमची व्हती नं गं, मीना?"

एवढं जवळ, एवढं सरळ, मला कोणी कधी काही विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "एखादीची सरकते, ताई."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बराबर." माझ्या हातावर हात ठेवला तिनं. मला धीर द्यायला. माझ्याशी ती शेवटचं धड बोलली, तो हा दिवस.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीतून रक्ताची गुठळी डोक्यात गेली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच आठवड्यात पोटातलंही गेलं. मुलगी होती.

डॉक्टर भाऊजींना रागावले. बायकोचं हृदय असं असताना तुम्ही स्वतःचं का करून घेतलं नाही, दहा मिनिटांचं काम होतं, असं सगळ्यांसमोर बोलले. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले, तर भाऊजी जिन्याच्या पायरीवर बसले होते. डबा हातात तसाच धरून मला म्हणाले,

"मीना, मला हे कुणी सांगितलंच न्हाई. खरंच दहा मिंटाचं असतं व्हय? मी गेलो असतो की. चार दिवस ऊस तोडला नसता, अजून काय? लोक हसले असते. हसू दे."

हसू दे, म्हणाले. मी काळीपिवळीत ज्या माणसाला भिऊन गप्प बसले, तो माणूस असा होता. त्याला विचारायचं सुद्धा मला सुचलं नव्हतं. त्याच्या एका हसण्यावरून मी त्याचं सगळं ठरवून टाकलं होतं.

ह्याला दोन वर्षं झाली. मंदाताई घरात पलंगावर असते. डावा हात चालतो, थोडं बसता येतं. तिचं मीच करते. आंघोळ, वेणी, भरवणं. भाकरी दुधात कुस्करून. लोक माझी फार तारीफ करतात. आत्याबाई म्हणतात, "भंडारेवाली, मागच्या जन्माची लेक हायेस तू माझी." भाऊजींनी कडुलिंबाखाली आम्हाला विटांचं पक्कं दुकान बांधून दिलं. मी नको म्हटलं, दोनदा म्हटलं. त्यांना वाटलं, मीना भिडस्त आहे. ताईच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा पोरीनं मला वाकून नमस्कार केला. मी तिला उठवलं आणि मोरीत जाऊन बसले.

सेवा करते म्हणून काही कमी होत नाही. हे मी कोणाला शिकवत नाही, माझं सांगते. सेवा करायला मला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की मला त्या गोठ्यामागच्या दुपारची आठवण येते. तेव्हाही असंच बरं वाटलं होतं.

तिची वाचा गेली म्हटलं, पण एक शब्द राहिला आहे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जिभेवर बसलेला एखादा शब्द तेवढा उरतो. तिला बराबर म्हणता येतं. तेवढंच. भूक लागली, बराबर. दुखतंय, बराबर. पोरगी सासरी निघाली तेव्हा डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडानं बराबर, बराबर. ऐकू येतं, कळतंही बहुतेक. पण किती कळतं, हे कोणी सांगू शकत नाही.

परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. आत्याबाई कीर्तनाला, भाऊजी शेतात. मी पेटीतून कार्ड काढून पदराखाली आणलं होतं. तिची वेणी घातली, तोंड पुसलं, आणि कार्ड तिच्या डाव्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं. उलटं केलं, सुलटं केलं. निळ्या शाईवर अंगठा फिरवला. मी तिच्यासमोर खाली बसले होते. सगळं घोकून आले होते, पहिल्यापासून — सिस्टर, पूल, गोठा, टेबल, बाक. तोंड उघडलं.

आणि माझ्या ध्यानात आलं, मी आज कशी काय धजावले ते. बोलता येत होतं तिला तेव्हा बारा वर्षं धजावले नाही. आता धजावले, कारण ती काय म्हणणार ते मला माहीत होतं. तिच्याजवळ दुसरा शब्दच नाही. आणि तो ऐकला की मी घरी जाऊन झोपले असते. चौदा वर्षांची झोप.

म्हणून सांगितलं नाही. हा चांगुलपणा समजू नका. सांगायला पाहिजे होतं तेव्हा भीतीनं सांगितलं नाही, आता सांगण्यातही मला माझाच फायदा दिसला. ह्यात बरं काय आणि वाईट काय, ते निवडायची माझी लायकी राहिलेली नाही.

मी हात पुढे केला. तिनं कार्ड घट्ट धरलं होतं. एक-एक बोट सोडवून काढून घ्यावं लागलं. ती माझ्याकडे बघत होती. मी कार्डाची घडी घालून कमरेला खोचलं, उठले, फणी उचलली.

"बराबर," ती म्हणाली.

मी काही बोललेच नव्हते.